आईच्या बुटांचा अर्थ

६ जानेवारी

प्रिय प्राध्यापक धाकट्या,

तुझं पुस्तक फुकट आलं, पण पडलं महाग. हिशेब सांगतो. वाचायला तेवीस दिवस लागले. त्यासाठी चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागला. तुझ्या वहिनीशी दोन भांडणं झाली, त्यातलं एक अजून मिटलेलं नाही. आणि परवा एका इमारतीच्या मशीनरूममध्ये मी तुझं चौथं प्रकरण वाचत बसलो असताना खाली एक वकीलबाई आणि त्यांची अशील पाऊण तास लिफ्टमध्ये अडकून पडल्या. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "मेस्त्री, वर काय करत होतात?" मी म्हटलं, "बाई, आशय शोधत होतो." त्या म्हणाल्या, "सापडेल तेव्हा सापडेल, आधी दार उघडत जा."

पण पुस्तक संपवलं. आता मला एवढं कळलंय, की गोष्टीतली बंद खिडकी ही खिडकी नसते, आटलेली विहीर ही विहीर नसते, आणि एखादी बाई पानापानाला केस विंचरत असली तर तिच्या डोक्यात उवा झाल्यात असं समजायचं नाही. चाळीस वर्षं मी जे आहे तेच बघत आलो. आमच्या धंद्यात दोरी म्हणजे दोरी आणि ब्रेक म्हणजे ब्रेक. मात्र एक सांगतो, आम्हीही वरवर बघत नाही. सातवीतून शाळा सुटली, मशीनरूममध्ये झाडू मारायला लागलो, आज बेचाळीस इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत. हे सगळं या दोन कानांवर. दोरीचा एक तंतू तुटला तरी मला तळमजल्यावर कळतं. तुझ्याकडे पदव्या, माझ्याकडे कान.

घरी नवीन फरशी घातली. पांढरीशुभ्र. तुझी वहिनी तिच्यावर कोणाला नीट चालू देत नाही. एकच भानगड आहे. आई चालली की टक् टक् असा आवाज येतो. मी चाललो की येत नाही. आई भिंतीला धरून चालते, त्या अर्थी भिंतीलगतची एखादी फरशी पोकळ राहिली असणार. फरशीवाल्याला शिव्या घालून झाल्या. रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून एकेक फरशी बोटाने ठोकून बघतो. अजून सापडली नाही, पण माझ्यापासून किती दिवस लपेल?

आता खरं कारण. आई घरात बूट घालून बसते. मी फिरायला म्हणून घेऊन दिलेले, करड्या रंगाचे, कापडी. सकाळी उठली की घालते ते झोपताना काढते. ज्या आईने आपण चपला घालून आत आलो म्हणून आपल्याला लाटण्याने बडवलं, ती! विचारलं तर म्हणते, "असू दे रे." तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात? थट्टा करत नाही. मला काळजी वाटते म्हणून विचारतोय.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि त्या "हं"च्या मागे पेपर तपासत असतोस, ते मला ऐकू येतं.

तुझा,
दादा

१५ जानेवारी

प्रिय दादा,

तुझ्या पत्राने मला जो आनंद दिला तो आजवरच्या एकाही परीक्षणाने दिलेला नाही. वकीलबाईंचा किस्सा वर्गात सांगितला, मुलं बाकांवर आडवी झाली. पण नंतर मी त्यांना तुझ्या पत्राचा शेवटचा भाग वाचून दाखवला आणि अर्ध्या वर्गाने वह्या उघडल्या.

तुला कल्पना नाही तू काय लिहून गेलायस. पुस्तकातल्या माझ्या तीन खुणा आठव. एखादी वस्तू पुन्हा पुन्हा येते का? आईचे बूट दिवसभर येतात. ती जिथे असायला नको तिथे आहे का? बूट घरात आहेत, आणि तेही ज्या बाईने ते कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत तिच्या पायांत. आणि तिच्याविषयी माणूस बोलायचं टाळतो का? "असू दे रे." दादा, याहून स्वच्छ प्रतीक मी छापील पानावरही पाहिलेलं नाही. आई निघायच्या तयारीत बसली आहे. कुठे, ते तिलाही शब्दांत सांगता येणार नाही. कदाचित माझ्याकडे. कदाचित त्याच्याही पलीकडे. आणि तो टक् टक् आवाज! तू फरशी शोधतोयस, अरे, तो घड्याळाचा आवाज आहे.

म्हणून एक विनंती. फरशा ठोकणं बंद कर. आणि तिला बूट काढायला लावू नकोस, त्यावरून छेडूही नकोस. माणूस जे बोलू शकत नाही ते तो वस्तूंकडून बोलवून घेतो. ती वस्तू ओढून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. फक्त बघ, ऐक, आणि मला लिहीत राहा.

तुझं प्रत्येक पत्र मी दोनदा वाचतो. एकदा भाऊ म्हणून, एकदा वाचक म्हणून. माझ्या नजरेतून त्यातला एक शब्दही निसटत नाही, खात्री बाळग.

तुझा,
धाकटा

२९ जानेवारी

प्रिय गुरुजी,

तू म्हणालास तसं केलं. फरशा ठोकणं सोडलं. खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला जरा लाज वाटली. सख्खी आई निघायच्या तयारीत बसलीय आणि मी खाली वाकून सिमेंट शोधतोय!

तुझ्या वहिनीशी मात्र वाजलं. ती म्हणते, "अहो, शुगर आहे त्यांना. एकदा बूट उतरवून पाय बघा तरी." मी म्हटलं, "तू पुस्तक वाचलंस का?" ती म्हणाली, "पाय बघायला पुस्तक कशाला लागतं?" मी म्हटलं, "तुला त्यातलं कळायचं नाही. त्याने त्याच विषयात आयुष्य घातलंय." त्यावर म्हणते कशी, "भावजी तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतात आणि तुम्ही इकडे बें बें करता." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पहिलं भांडण मिटलं नव्हतंच, म्हणजे ही रांग वाढत चालली आहे.

आता तुझ्या शिष्याची निरीक्षणं. चुकलं तर कान धर.

एक म्हणजे आई हल्ली जिन्यावर आधी डावा पाय टाकते आणि उजवा मागून आणते. जणू एक पाय निघालाय आणि दुसऱ्याचा निघायला जीव होत नाही. हे तुझ्या सहाव्या प्रकरणात बसतं की नाही? मग तिने आपली खुर्ची सगळ्यांच्या घोळक्यातून उचलून गॅलरीच्या दाराशी नेली. म्हणाली, "इथे वारा असतो." आणि हे ऐक. तिने अत्तर मागवलं! आयुष्यात जिने साबणाखेरीज वास माहीत करून घेतला नाही, ती आता पायमोज्यांना अत्तर लावते. मी बघितलं तर दचकली आणि हसली. मी काही बोललो नाही. तू सांगितलंयस ना.

मला वाटतं ती तुझ्याकडेच निघाली आहे रे. मी तिची बॅग भरून ठेवली, दोन लुगडी, शाल, शुगरच्या गोळ्या. पंधरा दिवस घेऊन जा. स्वतः ये, तिला तेवढंच बरं वाटेल. कधी येतोस ते कळव.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आता तुला शिष्य म्हणायची माझी छाती नाही. अत्तराचा तपशील वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पायमोज्यांना अत्तर! माणसं हाताला लावतात, मानेला लावतात. आई लावते पावलांना, कारण जायचं पावलांनी आहे. आणि जिन्यावरचा तो अडखळणारा पाय. दादा, हे तू बघितलंस. सातवी पास माणसाने बघितलं. माझ्याकडे संशोधन करणाऱ्यांना एवढं दिसत नाही.

तिला इथे आणण्याचं मात्र आत्ता कठीण दिसतं. परीक्षा तोंडावर आहेत, हिच्या शिकवण्या दिवसभर घरातच चालतात, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. हसू नकोस, लिफ्टवाल्याच्या भावाच्या इमारतीत लिफ्ट नाही. तिच्या पायांना ते झेपेल का? शिवाय मला वाटतं, आपण तिला उचलून कुठे नेलं तर तिचं ते निघणं आपणच संपवून टाकू. तिला तिच्या दाराशी बसू दे. त्या बसण्याला अर्थ आहे.

काळजीचं काही झालं, तर तू एक ओळ टाक. सगळं सोडून निघतो. सहा तासांचा तर रस्ता.

मी यावर लेख लिहायला घेतला आहे. शीर्षक ठरलं: "निघालेले बूट".

तुझा,
धाकटा

४ मार्च

प्रिय दादा,

पत्र नाही, फोन उचलत नाहीस. रागावलास का? वहिनींनी उचलला तेव्हा त्या "नंतर करा" एवढंच म्हणाल्या. मागे दुसऱ्या बायकांचा आवाज होता. पाहुणे आले आहेत का?

लेख जवळजवळ झाला आहे. एका मासिकाने विशेषांकासाठी मागून घेतला. दोन गोष्टी तेवढ्या लगेच कळव. बुटांना नाड्या आहेत, की पट्टी? आणि तळवा कुठल्या बाजूने जास्त झिजला आहे? अशा बारीक तपशिलावरच सगळं उभं राहतं.

तुझा,
धाकटा

११ मार्च

धाकट्या,

पाहुणे नव्हते. दवाखान्यातल्या आयाबाया होत्या. तुझ्या वहिनीने फोन तिथे उचलला होता.

तू विचारलंस ते सांगतो. बुटांना नाड्या आहेत. तळवा फारसा झिजलेला नाही. उजव्या बुटाच्या तळव्यात, चवड्याखाली, एक खिळा आहे. पेराएवढा. घराखालच्या माझ्या कारखान्यातला, लिफ्टच्या सामानाच्या खोक्यांना मारतो त्यातला. आई रोज कारखान्यातूनच घरात येते-जाते. खिळ्याचं डोकं बाहेर आणि टोक आत. चाललं की डोकं फरशीवर वाजतं. टक् टक्. फरशी एकही पोकळ नाही.

तिला कळलं कसं नाही म्हणशील. शुगरने तिचे तळपाय केव्हाचे बधिर झालेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, पाय रोज बघत जा. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता, लिफ्टच्या बिलांखाली. खाली अधोरेखित केलेलं आहे. डॉक्टर सरळ लिहितात.

२२ फेब्रुवारीला दुपारी आई खुर्चीत डुलक्या घेत होती. तुझ्या वहिनीने मला विचारलंच नाही. खाली बसली, नाड्या सोडल्या, बूट काढला. मी आतून तिचा आवाज ऐकला. मोजा काढता येत नव्हता, कापावा लागला. अत्तर कशाला लावत होती ते मग घरभर कळलं. दार उघडं होतं, गॅलरीत वारा होता, तरी कळलं.

दवाखान्यात नेताना मी आईला विचारलं, "अगं, इतके दिवस बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी बूट काढला तर फरशीवर रक्ताचा ठिपका पडला. दुखत तर काही नव्हतं. म्हटलं, सून एवढी जपते, पांढरी फरशी आहे, डाग राहायचा. बूट घातला की पडत नव्हता."

एवढंच. कुठे निघाली नव्हती. फरशी खराब होऊ नये म्हणून बूट घालून बसली होती.

पाच दिवस औषधांनी बघितलं. २७ तारखेला उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

तुझ्यावर ढकलत नाही. कान माझे होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गुडघ्यांवर बसून त्या आवाजाच्या मागे लागलो होतो. अजून चार दिवस लागलो असतो तर फरशा संपल्या असत्या आणि मग बूटच उरला असता. तू लिहिलंस, शोधू नकोस, ऐक. मी ऐकत बसलो. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून. अडाण्याने शहाण्याचं ऐकावं असं लहानपणापासून मीच सगळ्यांना सांगत आलो, तुला शाळेत राहू द्यावं म्हणून.

तुझी वहिनी मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दादा

१९ मार्च

दादा,

काय लिहू? पत्र हातात घेऊन किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. हिने पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

तुझा राग मला मान्य आहे. पण तूही एकदा शांतपणे बघ. तू मला "आई आजारी आहे" असं एका ओळीने लिहिलं असतंस तर मी थांबलो असतो का? तू लिहिलंस अत्तर, जिना, खुर्ची. मी जे लिहिलेलं होतं तेच वाचलं. डॉक्टरांचा कागद तुझ्या खणात होता, माझ्या नाही. हे मी दोष द्यायला म्हणत नाही. आपण दोघेही आईवर इतकं प्रेम करत होतो की आपल्याला साधं काही दिसलंच नाही, असं मला वाटतं.

आणि तिचं ते वाक्य! पांढरी फरशी, रक्ताचा ठिपका, सुनेचं घर. दादा, स्वतःच्या मुलाच्या घरातही आपला डाग राहू नये म्हणून धडपडणारी बाई... मी लेखाचा शेवट बदलला. तसा बदलल्यावाचून तो छापणं मला पाप वाटलं असतं. संपादकांचा निरोप आला की अंकातला हा पहिला लेख असेल. याला माझं प्रायश्चित्त समज.

परीक्षा संपल्या की निघतोच. तोवर अंक पोस्टाने पाठवतो. आईला वाचून दाखव. तिला कळेल. माझं लिहिणं सगळ्यांत आधी तिलाच कळतं.

तुझा,
धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

अंक मिळाला. कागद चांगला आहे.

आई घरी आली. तिला कुबड्या दिल्यात, पण तिचा भरवसा तुझ्या वहिनीच्या खांद्यावर जास्त. सकाळी दोघी मिळून गॅलरीपर्यंत जातात. वहिनी म्हणते, "सासूबाई, टाका पाऊल, फरशी माझी आहे, मी पुसेन." आई हसते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मुद्दाम कारखान्यात निघून गेलो. तिथे आता झाडू मी स्वतः मारतो, दिवसातून दोनदा, आणि नंतर लोहचुंबक फिरवतो.

आणखी एक झालं. वकीलबाईंच्या इमारतीतून फोन आला, लिफ्टमध्ये काहीतरी वाजतंय. मी गेलो, उभा राहिलो, आणि मला ऐकू येऊनसुद्धा खात्री वाटेना. तंतू आहे की नुसतं तेल हवंय? शेवटी लिफ्ट बंद करून दोरी हाताने तपासली, वीतवीत, वरपासून खालपर्यंत. अडीच तास लागले. तेल हवं होतं. आता सगळीकडे असंच करणार आहे. बेचाळीस इमारतींना किती वेळ लागेल ते मोजलेलं नाही.

तुझा लेख आईला वाचून दाखवला. सगळा, न थांबता. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "ही बाई कोण रे?"

मी म्हटलं, "तूच."

"मी? मला कुठे जायचं होतं?"

"त्याला तसं वाटलं."

मग म्हणाली, "छान लिहितो. पण हा एवढा रडवेला का झालाय? त्याला म्हणावं, मला आता बरं आहे. तो कधी येणार आहे?"

मी म्हटलं, परीक्षा आहेत. परीक्षा पंधरा दिवसांपूर्वी संपल्या, हे आमच्या गल्लीतला कोणताही विद्यार्थी सांगेल, पण तिला मी सांगितलं नाही. वहिनीचा निरोप आहे: भावजी येणार असतील तर अंक आणू नका म्हणावं, दोन जाड चादरी आणा. ऑपरेशनला आज बावन्न दिवस झाले.

शेजारचे मास्तर लेख वाचून गेले. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, तुमचा भाऊ माणसाच्या आतलं वाचतो. शेवटचं पान त्यांनी मोठ्याने वाचलं, त्या कापलेल्या पायाचं आणि मागे उरलेल्या एकट्या बुटाचं. मी ते पान आईपुढे वाचताना एक शब्द बदलला होता. मास्तरांपुढे बदलता आला नाही. नशीब, आई तेव्हा आत होती.

आधी मला वाटलं, यातही तुझा काही अर्थ असेल. म्हणून तुझं पुस्तक पुन्हा काढलं, मागची सूची बघितली. तसलं काही सापडलं नाही. मग तुला पाठवलेली माझी पत्रं आठवून बघितली. ज्यांत पायाचं होतं, त्या दोन्हींत मी सरळ लिहिलं होतं.

लेखात तू डावा पाय लिहिला आहेस. गेला तो उजवा.

दादा